बोक्याचा कान आणि फोटोसमोरची वाटी

मांजराच्या कानाच्या कडेला एक बारीक शीर असते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर कानाला धरलं की ती वर येते. सुई नेमकी तिथे टोचायची, मग रक्ताचा मोहरीएवढा थेंब येतो. चुकून कानाच्या आरपार टोचली तर थेंब आपल्या बोटातून येतो, आणि मग मांजराऐवजी स्वतःची साखर मोजली जाते. माझं पहिल्या आठवड्यात दोनदा तसं झालं. दोन्ही वेळा माझी साखर उत्तम होती. हे ऐकून हसायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मीच थोडी हसले.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या इमारतीत सोळा घरं होती आणि संध्याकाळी दिवे लागायचे ते पाच घरांत. बाकीच्यांनी किल्ल्या घेतल्या, दाराला कुलपं ठोकली आणि ते दादर-गिरगावातच राहिले. आमच्या मजल्यावर शेजारी म्हणून तीन कुलपं होती. रेल्वे आली नव्हती. मुंबईत जायचं तर बसने खाडीचा पूल ओलांडायचा. "मोकळी हवा आहे," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. हवा होती, माणसं नव्हती. इथे आल्यावर दीड वर्षात हेही गेले. मुलगा अमेरिकेत होता. तो दहा दिवसांसाठी आला आणि परत गेला. मागे राहिलो मी आणि यांचा बोका.

बोका यांचाच होता. मासळीवालीच्या टोपलीमागून जिना चढून आला आणि यांच्या मांडीवर बसला, तो कायमचा. मला मांजरं आवडत नसत. त्याला मी नावही ठेवलं नव्हतं, 'बोक्या' म्हटलं की यायचा. हे गेल्यावर तो दिवसभर यांच्या खुर्चीवर बसायला लागला आणि मी त्याला उठवायचं सोडून दिलं.

त्याचं दुखणं पहिल्यांदा ओळखलं ते मासळीवालीनेच. खाडीकाठच्या गावातून ती दुपारी बाराच्या सुमारास यायची. माझ्यासाठी बोंबील आणि बोक्यासाठी मूठभर मांदेली असा आमचा ठरलेला व्यवहार होता.

"बाय, बोका सुकलाय तुजा," ती म्हणाली. "खातो तर लय, आनि पानी बग कवरा पितो. याला आतून काय तरी हाय."

 भरपूर खाणं, सारखं पाणी आणि तरी वाळत जाणं. हे सगळं मी याच घरात एकदा पाहिलं होतं.

मुंबईतल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याला पिशवीत घालून नेलं. ते म्हणाले, मधुमेह आहे. औषध माणसांचंच, इन्सुलिन, मात्रा फक्त थेंबभर, दोन युनिट. रोज सकाळी टोचायचं. "पण दर आठवड्याला पूल ओलांडून येणार कशा तुम्ही? रक्त घरीच तपासता येईल का?" मी म्हटलं, येईल.

कारण कपाटात रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांची बाटली पडून होती. मुलाने ती वडिलांसाठी तिकडून पाठवली होती. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, पट्टीच्या चौकोनावर सोडायचा, घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबायचं, कापसाने पुसायचं, आणखी एक मिनिट थांबायचं, आणि चौकोनाचा रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडायचा. पार्सल पोचलं ते यांच्या तेराव्यानंतर. मी ते न फोडताच ठेवून दिलं होतं. आता कात्रीने एकेका पट्टीचे उभे दोन भाग केले, म्हणजे पुरवून पुरवून वापरता येतील. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोजचा आकडा लिहायला लागले.

यांच्या वेळी हे असलं काही नव्हतं. सकाळी लघवी तपासायची, काचेच्या नळीत निळं औषध घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळी राहिली तर साखर नाही. मग हिरवी, पिवळी आणि शेवटी विटकरी. आमची नळी बहुतेक निळी राहायची. मी वहीत 'निळा' लिहायचे आणि आम्ही दोघं खुशीत चहा घ्यायचो, बिनसाखरेचा.

पुढे पायाच्या अंगठ्याची जखम भरेना तेव्हा डॉक्टरांनी यांचं रक्त तपासलं. मग माझी वही पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिले. "वहीत तर सगळं निळं आहे," ते म्हणाले. हे खिडकीबाहेर बघत होते.

नमुन्यात हे नळाचं पाणी मिसळायचे. मला ते त्या दिवशी कळलं असं मी सगळ्यांना सांगितलं, मुलालाही. ते खोटं आहे. मोरीतला नळ क्षणभर सुटल्याचा आवाज मी रोज सकाळी ऐकायचे. विचारलं असतं तर भांडण झालं असतं, चहा कडू झाला असता. निळा रंग मलाही हवा होता.

आता वाटीचं सांगते. आयुष्यभर मी या माणसाच्या तोंडचं गोड काढून घेतलं होतं. लग्नकार्यात पंक्तीत समोर बसून डोळे वटारायचे, जिलबी परत पाठवायचे. ते गेल्यावर रोज जेवणाआधी त्यांच्या फोटोसमोर आटवलेल्या दुधाची वाटी ठेवायला लागले. भरपूर साखर, वेलची, वर जाड साय. मग मी स्वयंपाकघरात जाऊन एकटी जेवायचे. परत यावं तर वाटी रिकामी आणि लख्ख असायची. ती विसळताना मला बरं वाटायचं.

वाटी फरशीवर घासल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मी तेव्हा भांडी जरा जोरात आपटायचे.

बोक्याची साखर काही उतरेना. डॉक्टरांनी दोनाचे तीन केले, तिनाचे पाच. कॅलेंडरवरचे आकडे चढलेलेच. त्यांनी दोनदा विचारलं, "गोडधोड काही पोटात जातं का याच्या?"

"मांजराला कोण गोड देतं, डॉक्टर?" मी म्हणाले, तेही हसत. हे असंच हसायचे. "गोड? चवसुद्धा विसरलो हो," असं म्हणायचे.

मग एक दिवस दूध आलंच नाही. केंद्रावर दोन तास उभी राहिले आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परत आले. सकाळी पाच युनिटची सुई नेहमीप्रमाणे देऊन झाली होती. फोटोसमोर त्या दिवशी नुसतं फूल ठेवलं. बाराच्या सुमारास बोका खुर्चीवरून उतरायला गेला तो कोसळला. मागचे पाय त्याचं ऐकेनात. डोळे उघडे, पण मला बघत नव्हते.

मी फडकं गरम पाण्यात पिळलं. कान टोचला. ती दोन मिनिटं मी घड्याळासमोर कशी काढली ते माझं मला माहीत. चौकोनाचा रंग जवळजवळ बदललाच नव्हता. साखर तळाला गेली होती. तेवढ्यात दारात मासळीवाली आली. तिने टोपली खाली ठेवली आणि काही न विचारता बोक्याला पदरात धरलं. मी साखरेचं पाणी कालवून बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत राहिले. पुन्हा पुन्हा. मुलाचा नाही, नातवाचा नाही, एका मांजराचा जीव माझ्या बोटावर होता, आणि तो गेला असता तर त्या घरात मला कुणाला 'ये' म्हणायचं उरलं नसतं. हे मी तेव्हा स्पष्ट शब्दांत मनात म्हटलं.

पाव तासाने त्याने माझं बोट चाटलं. खरखरीत जीभ. मी तिथेच फरशीवर बसले.

मासळीवालीने फोटोकडे पाहिलं. "बाय, आज वाटी नाय ठेवलीस? रोज तर हाच तिथला दूध चाटीत असतो. मी दारातशी बगते ना."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने मांदेली मोजली आणि गेली. पण मी ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते.

दुसऱ्याच दिवशी पूल ओलांडून डॉक्टरांकडे गेले आणि वाटीचं सगळं सांगितलं, नळाचं सोडून. ते रागावले नाहीत. मात्रा त्यांनी पुन्हा दोनावर आणली. मी निघताना ते म्हणाले, मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, तो सायीसाठी पीत असणार. बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते. इतकी महिनोन्महिने साखर घातली ती कुणाच्याच जिभेला लागली नव्हती.

वाटी मी घासून फळीवर पालथी घातली. फोटोसमोर पाण्याचा पेला ठेवायला लागले. त्यांचं गोड दुसऱ्यांदा बंद केलं, आणि हे पहिल्यापेक्षा जड गेलं, कारण या वेळी ते माझ्याशी भांडले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी चौकोनाचा रंग फिका उतरला. मी बाटली खिडकीपाशी नेली, दोनदा ताडून पाहिला. इतका चांगला आकडा बोक्याने कधीच दिला नव्हता. तो मांडीवर डोळे मिटून बसला होता, कानाला कापसाचा बोळा. शेजारच्या कुलपांना सांगण्यात अर्थ नव्हता. अमेरिकेला पत्र पोचायला पंधरा दिवस लागत. मी तारखेच्या चौकोनात आकडा लिहिला आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून फोटोसमोर धरलं.

"अहो, बघा," मी म्हणाले. "यात पाणी घातलेलं नाही."