मिशीवाला गुलाम

चौथीतून शाळा सोडून मी कोकणातून चाळीसगावच्या कापसाच्या जिनात आलो. तिथल्या मुकादमांनी कामाला ठेवून घेतलं, हे त्यांचे उपकार.

एकदा एक चित्रकार पत्त्यांचा नवा कॅट रंगवायला आला. मीच त्याला फाटकातल्या लिंबाखाली बसू दिलं. कुंचला कानावर खोचून तो येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड निरखी. त्याचे चारही राजे पोळ्याला सजवलेले बैल होते, राण्या कापूस वेचणाऱ्या बाया. गुलामाला मात्र त्याने आमच्या मुकादमांची मिशी दिली! आता माझी नोकरी गेली.

"हा गुलाम मी का रे?" मुकादम गरजले.

"आबा, राजा बैल शे," तो शांतपणे म्हणाला. "त्याले जो हाकस, तो मोठा."

मुकादमांनी मिशीला पीळ दिला. तेव्हापासून आमच्या डावात गुलाम राजाला मारतो. माझ्या हाती राजा आला, की मी तो मुकाट्याने मुकादमांपुढे टाकतो.