तांदळाच्या पायलीवर ताणलेला बेल्ट

मी अंगणात आडवी पडलेली, एक डोळा मिटून दुसरा पट्टीला लावलेला, आणि समोर मोटरसायकलच्या बेल्टला तांदळाची पिशवी लटकत होती. तेवढ्यात केशवची आय वाकून म्हणाली, "कमी पडतील तर अजून घालू का गो बाय?"

"नको आय, एवढंच लागतं," मी म्हटलं.

चुकलं ते तिथंच. कळायला मात्र मला शनिवार उजाडावा लागला.

आधी माझं थोडं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही म्हातारी बेल्टखाली काय करत होती. शहापूरला आमची भाताची गिरण होती. बेल्ट तुटला की आमचे हे मला हाक मारायचे, कारण बेल्ट वादीने शिवायला बारीक हात लागतो. पुढे गिरण बंद पडली, हेही गेले. हातातली समज राहिली. मग स्कूटरचे बेल्ट बदलायला लागले. स्कूटरचा बेल्ट झाकणाच्या आत असतो, त्यामुळे लोकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. तुटला की रस्त्यात कळतं. शाळा माझी सातवीपर्यंत, बाकीचं पान्ह्याने शिकवलं. तालुक्यात मला बेल्टवाली काकी म्हणतात.

केशव खर्डीच्या पुढे एका पाड्यावर राहतो. लहानपणी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक. पण आवाज असा की टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांना त्याच्याशिवाय रंगत नाही. शहापूर-मुरबाडमध्ये त्याला केशव कॉमेंट्री म्हणतात. पूर्वी तो मुरबाडकडे एका फार्महाऊसवर राखणीला होता. तिथल्या साहेबांनी हौसेने परदेशी तीनचाकी मोटरसायकल आणली, पुढे एक चाक, मागे दोन. चार महिन्यांत साहेबांची कंबर धरली. ते म्हणाले, केशव, तूच ने. तेव्हापासून तीच केशवचे पाय. मागच्या पेटीत दोन भोंगे, ॲम्प्लिफायर आणि बॅटरी घालून तो गावोगाव जातो.

या गाडीला चेन नाही. चेनच्या जागी दात असलेला रबरी बेल्ट आहे. आवाज नाही, तेल नाही, कपड्यांना काळं नाही. नीट सांभाळला तर चेनपेक्षा कितीतरी जास्त चालतो. पण त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, दातांत अडकलेली खडी आणि चुकीचा ताण. सैल असला तर पुलीच्या दातांवरून घसरून कट्कट् वाजतो. जास्त ताणला तर रडतो, आणि चाकाची बेअरिंगंही खातो.

गुरुवारी केशवचा फोन आला. "काकी, गाडी कट्कट् करते. शोरूममधला पोरगा बोलला, बेल्टचं आयुष्य संपलं. नवा बाहेरून मागवायचा, दोन महिने लागतील."

"मग मागव."

"रविवारी सरळगावच्या पुढे फायनल आहे. नऊला मी माइकवर नसलो तर ते कल्याणचा माणूस बोलावणार. तो हिंदीत करतो, काकी."

"रिक्षा करून जा की रे."

"दोन भोंगे, ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि मी. रिक्षावाला मलाच उतरवंल."

त्याच दुपारी गेले. बेल्टची तपासणी कशी करतात ते सांगते, साधी आहे. गाडी थंड असताना चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि एकेक दात बघायचा. दाताच्या मुळाशी चीर असेल, दात गळला असेल किंवा कडेचे धागे सुटले असतील, तर बेल्ट गेला. बरोबर मधोमध खडीने पडलेलं एखादं भोक चालवून घेता येतं, कडेला असेल तर नाही. केशवच्या बेल्टला मधोमध एकच भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. दात सगळे शाबूत. म्हटलं, आयुष्य संपलेलं नाही, नुसता सैल झालाय.

मी तपासत होते तेव्हा केशव खाटेवर बसून सराव करत होता. "आणि काकी आता चाकाच्या दिशेने वळल्यात. हातात पान्हा, डोळ्यांवर चष्मा. प्रेक्षकहो, काकींनी दात मोजायला घेतलेत."

"केशव, बेल्टला हे चिकट काय लागलंय?"

कॉमेंट्री थांबली. "खोबरेल. आवाज जाईल वाटलं."

"खोबरेल डोक्याला लावतोस तेवढंच पुरे," म्हटलं आणि साबणाच्या पाण्याने सगळा बेल्ट पुसून घेतला. बेल्टला तेल लावत नाहीत, कुठलंच.

आता ताण. बेल्टच्या खालच्या पदराला मध्यावर साधारण साडेचार किलोचं वजन दिलं की तो साधारण अर्धा इंच खाली आला पाहिजे. जास्त आला तर सैल, कमी आला तर ताठ. हे बघायला स्प्रिंगचं एक यंत्र मिळतं. माझ्याकडे ते नाही, कारण स्कूटरला ते लागत नाही. पण आमच्या घरची पायली सपाट भरली की पिशवीसकट बरोब्बर साडेचार किलो होते, हे मी काट्यावर बघितलेलं. म्हणून आयला म्हटलं, "आय, पायलीभर तांदूळ पिशवीत घालून आणा."

मी खाली पट्टी धरून पडलेली, त्यामुळे पिशवी आयनेच आणली, बेल्टवर लावलेल्या आकड्याला तिनेच अडकवली आणि तिनेच काढली. बेल्ट पाऊण इंचाहून जास्त खाली आला. मी मागचे दोन्ही बोल्ट सारखे फिरवून चाकांचा दांडा मागे सरकवला आणि बेल्ट ताणला. पट्टीवर अर्धा इंच आला, माझं समाधान झालं. लोकल गाठायची होती. आय मागून "थांब गो, थांब" म्हणत होती. म्हटलं चहाचा आग्रह असेल, आणि निघाले.

शुक्रवारी संध्याकाळी फोन. केशवच्या आधी गाडीच बोलली. ऊंऽऽ असा सूर.

"काकी, कट्कट् गेली. आता ही रडते. पाड्यावरची सगळी कुत्री माझ्यासोबत आटगावपर्यंत आली."

शनिवारी परत गेले. पुन्हा दात बघितले, पुली बघितली, बेल्ट एका कडेला घासतोय का ते बघितलं. काहीच नाही. म्हटलं ताण पुन्हा मोजू. आयने पिशवी अडकवली. आणि बघते तर बेल्ट पुन्हा पाऊण इंचावर.

आता मला सांगा, परवा ताणलेला बेल्ट दोन दिवसांत इतका सैल होईल का? पण पट्टी समोर दिसत होती. मी मोठ्या तोंडाने केशवला समजावलं, "रबर आहे बाबा. जागेवर बसायला वेळ घेतं." आणि बोल्ट आणखी फिरवले.

केशवने गाडी चालू करून अंगणात एक फेरी मारली. या वेळी ऊं नव्हतं, किंकाळी होती. आयच्या कोंबड्या माळ्यावर चढल्या. शेजारचा एक म्हातारा घरातून ओरडला, "केशव, डुक्कर कापतोस का रे?"

केशव गाडीवरून उतरला नाही. कॉमेंट्रीही केली नाही. हळूच म्हणाला, "काकी, या आवाजात चाळीस किलोमीटर जाईल का ही?"

"बेअरिंग जाईल, नाहीतर बेल्ट जाईल," मी म्हटलं. खोटं कसं बोलू?

"मग कल्याणवाल्याला कळवायला सांगतो."

त्याने फोन काढला. मला तर तोंड लपवावंसं झालं. आयुष्यभर बेल्टवाली म्हणून मिरवले आणि पट्टी एक सांगते, बेल्ट दुसरंच. मी सामान आवरायला लागले. तेवढ्यात आयने पिशवी आणून माझ्या हातात दिली.

"ही घे बाय. या खेपेला नाय सोडणार. परवा तशीच गेलीस."

मी पिशवी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. गिरणीत जन्म गेला माझा. तांदूळ हातात आला की हात वजन सांगतो. ही पिशवी साडेचार किलो नव्हती.

"केशव, फोन लावू नको. आय, यात किती घातलेत?"

"पायलीच."

"सपाट?"

आयने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही वंगाळ बोलले. "पाहुणीला सपाट पायली कोण देतं गो? शिगोशीग भरली. वर दोन ओंजळी. आणि परवा न्यायची राहिली म्हणून आज आणखी शेरभर. नवा तांदूळ आहे, आमच्या शेतातला."

"पण आय, मी ते गाडीसाठी मागितलेले."

"गाडी तांदूळ खाते काय? मी म्हटलं, मागायला लाजते बाय, म्हणून गाडीचं नाव करते."

शेजारच्या दुकानात काट्यावर पिशवी ठेवली. साडेसात किलो. त्यांची पायलीही आमच्यापेक्षा मोठी निघाली. म्हणजे गुरुवारी मी सहा-साडेसहा किलोवर बेल्ट ताणला आणि शनिवारी साडेसातवर. जास्त वजनाने बेल्ट जास्त खाली यायचा, मला वाटायचं सैल आहे, आणि मी आणखी ताणायची. आयने जेवढी माया घातली तेवढे मी बोल्ट फिरवले.

काट्यावर साडेचार किलो करून पिशवी अडकवली. बेल्ट जेमतेम हलला, तारेसारखा ताठ. बोल्ट सोडत सोडत अर्ध्या इंचावर आणला. चाक फिरवून तीन ठिकाणी मोजलं, कारण बेल्ट सगळीकडे सारखा नसतो, सगळ्यात ताठ जागा धरायची असते. केशवने गाडी चालू केली. अंगणात एक फेरी, दोन फेऱ्या. नुसता इंजिनाचा आवाज.

"आणि प्रेक्षकहो," केशव म्हणाला, "तिसऱ्या पंचांनी निर्णय बदललाय."

रविवारी तो किन्हवलीवरून साडेआठलाच मैदानावर पोचला. कल्याणचा माणूसही आला होता, त्याला कुणीतरी आधीच कळवलं होतं. केशवने त्याला दोन षटकं करू दिली, मोठ्या मनाने. नंतर माइक हातातून सोडला नाही.

महिनाभराने मागची एक बेअरिंग बोलायला लागली. ती माझ्याच ताणण्यामुळे, म्हणून मीच बदलून दिली. बेल्ट अजून तोच आहे. मी आता काटा पिशवीत घेऊनच फिरते.

ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांना एवढंच सांगते. दात महिन्यातून एकदा बघा, खडी काढा, तेल लावू नका. आणि ताण मोजताना वजन स्वतः काट्यावर घालून घ्या. घरची माणसं हात राखून मोजत नाहीत, आणि बेल्टला ते सोसत नाही.