स्वतःचा पेला

लोधीपुऱ्यातले आमचे शेजारी, ऑफिसात बाबू आहेत, टपरीवर चहाला जातानाही स्वतःचा पेला पिशवीतून नेतात. उष्ट्याची त्यांना इतकी शिसारी, की कुणाच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. मला त्यांचा रागच यायचा.

आमच्याकडे आलेला पाहुणा आधी आमच्या पोपटाला, मिठूला, मावा जलेबीचा तुकडा भरवतो. परवा पाच-सहा पाहुणे आले. संध्याकाळी मिठूच्या गळ्याखालची पिशवी फुगून टणक झाली. त्यानं मानच टाकली.

बायकोचं रडणं ऐकून बाबू दारात आले. "जलेबी खिलवली ना? कोमट पाणी आणा, जल्दी!"

वाटीतलं पाणी त्यांनी स्वतःच्या तोंडात घेतलं, मिठूची चोच सरळ ओठांत धरली आणि थेंबथेंब आत सोडलं. मग ते बोटांनी पिशवी चोळत बसले. शेवटी मिठूनं आंबलेला लगदा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओकला आणि तो कर्कश ओरडला.

"निघालं सगळं. आमच्याकडे कबुतरं होती ना पहिले," ते म्हणाले.

बायकोनं डोळे पुसत त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

ग्लासाची कड निरखून ते दोन पावलं मागे सरले. "नको वहिनी. मी घरी जाऊन पितो."