दुसरी खाच

आमच्या मार्केटात त्याला सगळे कानस म्हणत. जीभही तशीच खरखरीत होती, पण नाव पडलं ते हातातल्या कानशीवरून. तळघरातल्या ओळीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि त्याला लागून माझं, किल्ल्या करून द्यायचं. मधली भिंत प्लायवूडची. तो कुणाला काय बोलला हे ऐकायला मला कान टवकारावे लागत नसत. उलट ऐकू येऊ नये म्हणून मी किल्ल्यांचं मशीन चालू ठेवायचो.

गिऱ्हाईक हातात एखादं कार्ड घेऊन यायचं, चित्रांसाठीचं, आवाजासाठीचं, नाहीतर नेटवर्कचं, आणि विचारायचं, "हे माझ्या कॉम्प्युटरला चालेल का?" रास्त प्रश्न आहे. आतल्या मदरबोर्डावर लांबट फटी असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. कार्ड त्या फटीत उभं बसतं. फटींच्या जाती वेगळ्या, कार्डांच्या वेगळ्या. शहाणा दुकानदार बोर्ड कुठलं ते बघतो, पॉवर सप्लायला भार पेलेल का ते बघतो, डब्यात कार्डाची लांबी मावेल का ते बघतो आणि मग तोंड उघडतो. कानस तोंड आधीच उघडायचा.

"न बसायला काय झालंय? बसवणारा पाहिजे."

एक गृहस्थ डब्याची मापं टेपने घेऊन आले, त्यांना म्हणाला, "शिलाईचं दुकान वरच्या मजल्यावर आहे." एक शिक्षिका कुठलं कार्ड कशात चालतं त्याची माहिती छापून घेऊन आल्या, त्यांना म्हणाला, "कागद घरी ठेवा बाई, कार्डाला वाचता येत नाही." बाई लालबुंद झाल्या. मग त्याने त्यांच्यासमोर आखूड स्लॉटची शेवटची भिंत तापल्या पात्याने कापून काढली, लांब कार्ड त्यात रेटलं आणि पडद्यावर चित्र आणून दाखवलं. अर्धं कार्ड फटीबाहेर लोंबत होतं. तो म्हणाला, "चाललं की नाही?" चाललं होतं. हळू चालत होतं, पण चालत होतं. असं दहा जणांत एकदा होतं आणि कानशीच्या बाबतीत ते लागोपाठ बरेचदा झालं, हेच नडलं. माणसाला चुकीच्या गोष्टीत यश मिळालं की त्याला कुणी आवरू शकत नाही.

घरीही तोच खाक्या. कपाट दारातून आत जाईना तर त्याने चौकट कापली. पलंग मावेना तर खिडकीचा कट्टा फोडला. त्याची बायको एकदा डबा द्यायला आली होती, मला म्हणाली, "भावजी, आमच्या घरात एक दार धड लागत नाही." आणि हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण त्या घरात हसायला दुसरं काही नव्हतंच.

त्याची ताई मात्र त्याच्या कुठल्याच मापात बसणारी नव्हती. त्याच्याहून बरीच मोठी, लहानपणीच्या तापात डोळे गेलेली. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला जेवू घालून, न्हाऊ घालून वाढवलं. टायपिंग शिकली आणि एका हॉस्पिटलचं काम घरी बसून करू लागली. डॉक्टर बोलून ठेवायचे, ती ते ऐकून टाइप करायची. आपण काय टाइप केलं हे तिला वाचून दाखवायचं एक कार्ड. तिच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवलेलं होतं आणि त्याला थेट हेडफोन जोडायची सोय होती. तिने टाइप केलेलं ते मोठ्याने बोलायचं.

तो आवाज मी ऐकला आहे. त्यांच्या घरचं कुलूप बदलायला गेलो होतो, तेव्हा तिने मुद्दाम वेग कमी करून ऐकवला. सपाट आवाज, पुरुषाचा, प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने जमिनीवर ठेवल्यासारखा. ना राग, ना लोभ. एरवी ती तो इतक्या वेगाने लावायची की आपल्याला नुसती करकर ऐकू यावी, आणि तिला त्यातलं अक्षर न अक्षर कळायचं. औषधांची आणि दुखण्यांची चमत्कारिक नावं त्याला नीट म्हणता यायची नाहीत. ती तिने एकेक करून त्याला शिकवली होती, कार्डाच्या आत साठवून ठेवली होती. मला म्हणाली, "भाऊ, मी दोन पोरं वाढवली. एकाने ऐकलं." तिकडे कानस दार घासत होता, त्याला ऐकू गेलं नाही.

कार्ड ती दुसऱ्या कुणाला काढू द्यायची नाही. डबा स्वतः उघडायची, कार्ड मऊ फडक्याने पुसायची, खालच्या सोनेरी पट्टीवरच्या खाचेवर अंगठा ठेवून बाजू ओळखायची आणि परत बसवायची. एकच खाच होती. त्या एका खाचेवरून ती अंधारात डावं उजवं ठरवायची. तिच्यासाठी सगळाच अंधार, म्हणून अंधारात म्हणायचं तेही आपलं आपल्यासाठी.

मग जुना मदरबोर्ड गेला. कार्ड धडधाकट होतं. ताई कार्ड फडक्यात गुंडाळून दुकानात आली, स्टुलावर बसली आणि भावाला म्हणाली, "मला नवं काही नको. ज्यात हे बसेल असं बोर्ड शोध. बाकी ते कितीही जुनं असू दे, माझं काही म्हणणं नाही. हे गेलं तर माझं काम गेलं, एवढं लक्षात ठेव."

तशी फट असलेली बोर्डं नव्या मालात येईनाशी झाली होती. जुनी असलीच तर एका माणसाकडे, जिन्याच्या वरच्या तोंडाशी बसणाऱ्या, सगळे ज्याला चष्मा म्हणत त्याच्याकडे. जुनी मशीनं उघडून चांगले भाग वेगळे काढायचा त्याचा धंदा. पूर्वी तो आणि कानस एकाच दुकानात भागीदार होते. एकदा गिऱ्हाइकासमोर चष्मा बोलून गेला, "याला जोर कळतो, वीज कळत नाही." त्या दिवसापासून दोघांचं तोंड नाही. कानस जिना चढताना मान भिंतीकडे वळवायचा.

मी भिंतीवरून म्हटलं, "वर जाऊन विचार की. पायऱ्याच चढायच्या आहेत."

"त्याच्या दारात? मी? तू तुझ्या किल्ल्या बघ."

कानशीकडेच कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निघालेलं एक दणकट बोर्ड पडलेलं होतं. त्यातली फट लांबीला ताईच्या कार्डाएवढीच, पण आतला आडवा दांडा दुसऱ्या टोकाला. कार्डाची खाच एकीकडे, दांडा दुसरीकडे. कार्ड आत जाणार नाही, अशीच ती योजना. त्याने मला हातानेच बोलावलं आणि भंगारातलं एक कार्ड नाचवून दाखवलं. त्याला दोन खाचा होत्या.

"हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, ताई तिथेच बसली होती म्हणून. "दोन खाचांचं कार्ड दोन्ही तऱ्हेच्या फटीत चालतं. तिच्याला एकच आहे. दुसरी मी पाडतो. झालं दोन्हीकडचं."

इतकं सोपं करून सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. मग माझा धंदा मदतीला आला. "अरे, किल्लीला जास्तीची खाच पाडली म्हणून ती शेजाऱ्याचं कुलूप उघडत नाही. स्वतःचं मात्र विसरते."

"किल्लीत वीज असते का?" तो म्हणाला आणि कार्ड शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं.

खसखस सुरू झाली. ताईने मान वर केली. "काय घासतोयस रे?"

"डब्याचा पत्रा. कडा लागते आहे."

सोनेरी भुकटी काउंटरवर पडत होती. त्याने फुंकर मारली, कार्ड फटीवर ठेवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बसलं. त्याच्या चेहऱ्यावर तेच जुनं हसू आलं. मग त्याने बटण दाबलं.

आवाज फारसा झाला नाही. पाण्याचा थेंब तव्यावर पडावा तेवढाच. पण वास सुटला, आणि तो आधी ताईला आला.

"काय जळलं?"

कानशीने वायर उपटली. मी दारात उभा होतो. त्याचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला आणि मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर तिचे पाय धरेल. मी त्याला फार चांगला समजत होतो.

"गेलं ताई," तो म्हणाला. "म्हातारं झालं होतं. किती वर्षं वापरलंस. नव्या बोर्डाचा दणका सोसला नाही त्याला."

ताईने हात पुढे केला. "दे."

त्याने बिनदिक्कत दिलं. आंधळ्या बाईला काय दिसणार आहे. तिने कार्ड मांडीवर घेतलं आणि अंगठा पट्टीवरून नेला. आपल्या खाचेवर थांबला, पुढे गेला, आणि परत थांबला. तिथली कड अजून ताजी होती. तिने बोटाला लागलेली भुकटी दुसऱ्या बोटावर घासून पाहिली.

"ही खाच कसली?"

"आहेच ती."

"एकच होती."

"दोन आहेत. पहिल्यापासून आहेत. तुझ्या लक्षात नसेल ताई, वय झालं तुझंही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या हातांनी याला घास भरवले, त्या हातांनाच हा खोटं पाडत होता. मी तोंड उघडलं, पण ताईने माझ्या दिशेने तळवा वर केला. मी कुठे उभा आहे हे तिला माझ्या श्वासावरून कळलं असावं.

"तुमचं मशीन चालू करा, भाऊ," ती म्हणाली. मग कार्ड फडक्यात गुंडाळलं. "असेल. दोन असतील."

पुढच्या आठवड्यात त्याने तिला नवा कोरा कॉम्प्युटर बसवून दिला आणि मार्केटभर सांगत सुटला की ताईसाठी हात आखडता घेतला नाही. त्यात वाचून दाखवणारा आवाज होता बाईचा, गोड, लाडिक. औषधांच्या नावांवर तो ठेचकाळायचा आणि बोटांच्या मागून सावकाश यायचा. ताईने शिकवायचा प्रयत्न केला. मग एका रिपोर्टात एका औषधाऐवजी दुसरंच गेलं. नर्सने वेळेत पकडलं, म्हणून रोगी वाचला. हॉस्पिटलवाल्यांनी फार गोड शब्दांत ताईचे आभार मानले आणि दुसरी टायपिस्ट ठेवली.

त्यानंतर एके दिवशी चष्मा जिना उतरून खाली आला. बगलेत कागदात गुंडाळलेलं बोर्ड. दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "ताईंचं मला आजच कळलं. यात त्यांचं कार्ड बसेल. कितीतरी दिवस पडून आहे, ठेवून घे."

कानस म्हणाला, "उशीर केलास."

म्हणजे चूक चष्म्याची. मी माझ्या काउंटरवर हात आपटला. चष्मा माझ्याकडे येऊन बसला. मी त्याला दोन खाचांचं ते तर्कशास्त्र सांगितलं. तो भिंगं पुसत म्हणाला, "दोन्ही तऱ्हेची वीज सोसेल असं कार्ड बनवतात, मग ओळख म्हणून त्याला दोन खाचा ठेवतात. खाच पाडून सोसायची ताकद कशी येईल?" तो गेला. बोर्ड मात्र माझ्याकडेच ठेवून गेला. अजून माझ्या फळीवर आहे.

ताई घरी रिकामी बसून राहू लागली, तसं कानशीने तिला दुकानात आणलं. "नुसती बसून कुजशील. फोन तरी घे." स्टुलावर बसवलं, फोन हाताशी दिला आणि एक वाक्य शिकवलं. कुणीही विचारलं की हे कार्ड चालेल का, ते कार्ड चालेल का, तर म्हणायचं, घेऊन या, बसवून देतो. जास्त बोलायचं नाही. तिने मान डोलावली.

पहिला फोन आला तेव्हा मी किल्ली कापत होतो. भिंतीपलीकडून आवाज आला आणि माझा हात थांबला.

"घेऊन. या. बसवून. देतो."

सपाट. प्रत्येक शब्द सारख्याच वजनाने ठेवलेला. ना राग, ना लोभ. पलीकडे कानशीच्या हातून पक्कड खाली पडली.

तेव्हापासून दिवसभर हेच. गिऱ्हाइकांना वाटतं, त्याने फोनला मशीन लावलंय. कुणी कौतुकही करतं. ताई तेच वाक्य त्याच आवाजात बोलते, फोन ठेवते, मांडीवरच्या फडक्यावर हात ठेवून पुढच्या फोनची वाट पाहते. कानस वाळत चालला आहे. गिऱ्हाइकांशी आता वाकडं बोलत नाही, फारसं बोलतच नाही. रागवायचं म्हटलं तर कशावरून रागवणार? कुणाचा आवाज काढतेस, असं विचारायची सोय त्याने स्वतःच ठेवलेली नाही.

काल मात्र त्याला राहवलं नाही. मी भिंतीला कान लावला होता, लपवत नाही.

"ताई," तो म्हणाला, "जरा नीट बोल ना फोनवर."

"नीट म्हणजे कसं?"

"तुझ्या आवाजात."

"हाच आहे," ताई म्हणाली. "पहिल्यापासून आहे. तुझ्या लक्षात नसेल."

तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो उचलला.