गंगव्वाने फिरवलेली अंडी

तर काल गोष्ट सांगता सांगता चहा आला आणि गंगव्वाचा हात पालीच्या अंड्यांच्या डब्यातच राहिला. तिथूनच पुढं घेऊ या, नाहीतर म्हातारीचा हात अवघडायचा.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे हो! बिबट्यासारखी अंगभर ठिपक्यांची, काचेच्या घरात राहणारी, चिमट्यानं अळ्या भरवून घेणारी. गंगव्वाचा लेक नागराज शहरात, महादेवपुऱ्यात, कंप्युटरवर बसतो तो पोटासाठी. जीव सगळा या पालींत. माद्यांनी अंडी घातली तेव्हा पठ्ठ्यानं ऑफिसात पेढे वाटले. आई निपाणीकडच्या खेड्यातून आली तेव्हा मात्र दारातच म्हणाला, "थोडे दिवस राहा, मग बघू." गावचं घर पडलेलं, परत जायचं तर भावकीच्या ओसरीवर. त्या "मग बघू"चा अर्थ गंगव्वा रोज सुनेच्या, रंजिताच्या, तोंडावर शोधायची.

अशात नवरा-बायकोला हैदराबादला लग्नाला जावं लागलं. निघताना नागराजनं अंड्यांचा डबा ठेवलेली उबेची पेटी दाखवली. "आई, डब्यातली माती वाळली तर स्वल्प पाणी शिंपड. दुसरं काही करू नकोस. तुला नाहीतरी काय जमतंय?"

गंगव्वा मनात हसली. अंडी उबवायचं हा मला शिकवतो! उभ्या गल्लीच्या खुडूक कोंबड्या तिनंच बसवलेल्या. कोंबडी चोचीनं अंडी फिरवत राहते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. एखादी आळशी निघाली तर गंगव्वा अंड्यांवर कोळशानं फुली मारून स्वतः फिरवायची, सकाळी फुली वर, संध्याकाळी खाली. इथं डबा उघडून बघते तो काय, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीचा ठिपका! तिला भरूनच आलं. पोरगं विसरलं नव्हतं. खूण करून ठेवली, फिरवायचं तेवढं राहिलं, आणि या पेटीला कुठली आलीय चोच?

मग काय, सकाळी ठिपका वर, संध्याकाळी ठिपका खाली. फिरवता फिरवता अंड्यांशी बोलायचीसुद्धा. "निघा रं लवकर. तुमच्या पायगुणानं माझी वाकळ हितंच पडू दे."

नागराज परतला, चप्पल न काढताच पेटीकडं गेला. अंड्याखाली बॅटरी धरली. जाताना लाल शिरा दिसत होत्या, आता नुसतं गढूळ पिवळं. "आई, काय केलंस?"

"एक दीस चुकवला न्हाई," ती हरखून म्हणाली. "दोन्ही येळा फिरवली."

या पालीच्या अंड्याचं कोंबडीच्या अगदी उलट, बरं का. पिल्लू आत एका जागी रुजतं. अंडं एकदा जरी उलटलं की ते आपल्याच अंड्यात बुडून मरतं. वरची बाजू वरच राहावी म्हणून तो ठिपका. जाताना हे सांगायला नागराजला फुरसत झाली नव्हती. आता सांगितलं, हातात कात्री घेऊन. एकेक अंडं कापायचा आणि आतलं तिच्याच जेवणाच्या ताटात मांडायचा. "हा बघ डोळा. ही बघ शेपटी. बघ की, मान का वळवतेस?"

रंजितानं शेजारच्या संपदाला हाक मारली. "अक्का, या या, आमच्या सुईणीची करामत बघा!" संपदा आली, चक् चक् केलं, फोटो काढून गेली.

एका पिल्लाला पंजा फुटला होता, कणीएवढा. गंगव्वानं ताटावर पदर धरला. नागराजनं तो ओढून बाजूला केला.

"उद्याच्या गाडीनं जायचं. बोचकं बांध," तो म्हणाला. "तुझ्या हातात आजवर काही जगलंय तरी का गं?"

गंगव्वानं पदर सारखा केला, ताट अलगद त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "नागू, तान्हा हुतास तवा डोकं चपटं हुईल म्हणून मी तुला दिसातनं धा येळा ह्या कुशीवरनं त्या कुशीवर वळवत हुते. पालीचा निघशील हे तवा ठावं असतं, तर एकदाच वळवलं असतं."