राखेचा क्रॉस आणि खर्ऱ्याची पुडी

"पुसू नका जी... पुसू नका!"

शुगर बेचाळीस, अंग घामानं थबथबलेलं, डोळे धड उघडत नव्हते. आणि अशा अवस्थेत सिस्टर रोझलिननं माझ्या नर्सचा, शोभाताईचा, हात घट्ट धरला. कपाळावर काळा डाग दिसला म्हणून तो पुसायला शोभाताईनं कापसाचा बोळा ओला केला होता. ती दचकून मागं सरली.

मी शिरेतून ग्लुकोज दिलं. पाच मिनिटांत सिस्टर शुद्धीवर आली आणि तिनं आधी कपाळ चाचपलं.

भंडारा जिल्ह्यात सानगडीला माझा दवाखाना आहे. सिस्टर नन आहे, गावाबाहेर मिशनच्या घरात राहते, बालवाडी आणि शिलाईचा वर्ग चालवते. मूळची केरळची, पण तीस वर्षांत इथली झाडीबोली माझ्यापेक्षा चांगली बोलते. वय सदुसष्ट. जुना डायबेटिस.

"सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही जी. आज राखेचा बुधवार. उपास आहे."

माझं डोकंच सणकलं. शुगरची गोळी पोट भरलेलं आहे असं धरून काम करते. पोट रिकामं असलं तरी ती थांबत नाही, रक्तातली साखर खाली ओढतच राहते. माणूस बेशुद्ध होतो, जीवही जातो.

"उपास होता तर गोळी काहून घेतली?"

"तुमीच तर सांगितलं, गोळी चुकवायची नाही."

घ्या! आता कोणावर ओरडू? श्रावणात आणि नवरात्रात मी प्रत्येक बाईला आधी उपास विचारतो. ख्रिस्ती लोकांचाही उपास असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक माझी होती.

मग मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं विचारून घेतलं. मागच्या वर्षीच्या पवित्र झावळ्या जाळून राख करतात. तिचा क्रॉस कपाळावर लावतात, माणूस मातीचा आहे हे आठवायला. तिथून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस लेंट, म्हणजे उपासाचा, त्यागाचा काळ. त्यात शुक्रवारी मटण-कोंबडी बंद.

"आणि मासा?"

"मासा चालते."

माझी आई उपासाच्या दिवशी मासा हा शब्दही घरात काढू देत नाही. शोभाताईचं माहेर तलावात जाळं टाकणारं. ती म्हणाली, "असा उपास तर मी बी करीन बापा!"

हसलो सगळे. पण सिस्टर पुढं म्हणाली, "मी चाळीसही दिवस एकच टाइम जेवते." माझं हसू गेलं. गोळी तीच ठेवली तर ती पुन्हा कोसळणार, कमी केली तर शुगर चढणार, आणि तिची किडनी आधीच कुरकुरत होती. ही बाई ईस्टर पाहील का, याचीच मला भीती वाटली.

मी भंडाऱ्याला तिच्या फादरना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "साठीनंतर उपासाचं बंधन नाही, डॉक्टर. आजारी माणसाला तर कधीच नाही. तिला सांगा, यंदा तिनं उपासाचाच त्याग करावा. वेळेवर जेवावं."

निरोप ऐकून सिस्टर रडकुंडीला आली. "नियम मले माहीत आहे जी. पण बाकीच्या सिस्टर उपाशी अन् मी ताट घेऊन बसू? लाज वाटते."

"लाज वाटू द्या. गोळी घ्या अन् जेवा."

तिनं माझ्या फुगलेल्या गालाकडं पाहिलं. "मी जेवीन. तुमी काय सोडता? तोंडात काय आहे?"

खर्रा होता. तंबाखू-सुपारी-चुना घोटून केलेला, आमच्या भागातला घरोघरीचा रोग. रोज पेशंटना मी तो सोडायला सांगतो. शोभाताई छताकडं पाहू लागली. मी मुकाट्यानं खिशातली पुडी सिस्टरच्या हातात ठेवली.

चाळीस दिवस मी कॅलेंडरवर खुणा केल्या. चिडचिडलो, बडीशेप चावली, शोभाताईवर विनाकारण खेकसलो. एकेचाळिसाव्या दिवशी, सोमवारी, नवी पुडी आणली आणि उघडली. नेमकी सिस्टर शुगर तपासायला आत आली.

"झाले चाळीस!" मी म्हणालो.

"रविवार मोजत नाहीत जी. रविवार आनंदाचा."

"म्हणजे दर रविवारी मला खाता आला असता?"

ती पोट धरून हसली. पुडी कचऱ्यात गेली.

गुड फ्रायडेला दुपारी मला राहवलं नाही. मी मिशनच्या घरी गेलो. तो तर त्यांचा सगळ्यात कडक उपास. बाकीच्या सिस्टर प्रार्थनेत होत्या. रोझलिन स्वयंपाकघरात एकटी बसून तांदळाची पेज पीत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण वाटी तिनं पूर्ण संपवली.

"डॉक्टरसाहेब, इतका कठीण उपास मी जन्मात केला नाही."

मी बॅगेतून मशीन काढलं. तिची शुगर मोजली. एकशे अठरा. त्या सबंध लेंटमध्ये ती पुन्हा एकदाही घसरली नाही.

ईस्टरला ती केक घेऊन आली आणि माझी जुनी पुडी टेबलावर ठेवली. "घ्या जी. आता तुमी मोकळे."

ती पुडी ड्रॉवरमध्ये तशीच पडून आहे, वाळून खडखडीत झालेली. आता पेशंट कोणत्याही धर्माचा असो, गोळी लिहिण्याआधी मी विचारतो, उपास कधी असतात? उत्तर त्याच्या कागदावर नोंदवतो. सिस्टरच्या कागदावर एवढंच लिहिलं आहे: उपास कडक. तीन वेळा जेवते.