डिग्रीचा टंच

कोडोलीला, माझ्या सासुरवाडीत, माझ्याबद्दलची एक गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जाते. धाकट्या साडूला कॉम्प्युटरची पदवी घ्यायची होती, त्यानं थोरल्या जावयाला म्हणजे मला विचारलं, मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि त्यामुळे त्या बिचाऱ्याची दोन वर्षं फुकट गेली. सांगणारे प्रेमानं सांगतात. शेवटी ‘भोळा माणूस’ म्हणून माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकतात. ही गोष्ट खोटी आहे. आता माझं वय झालं, आणि ती दुरुस्त करणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो. बी.कॉम. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांच्या घरात पदवीधर असा मी एकटाच. सासरे पै-पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, “ह्ये आमचं थोरलं जावई. ग्राज्वेट हायत.” जत्रेला गेलो की गल्लीतली माणसं कागद घेऊन यायची. बँकेचा अर्ज, पोराचा शाळेचा दाखला, कोर्टाची नोटीस. मी सावकाश चष्मा काढायचो, पुसायचो, लावायचो. तोवर सगळे गप्प बसून असायचे. त्या गप्प बसण्याची मला चटक लागली होती.

मेहुणी हुपरीला दिली. तिचा नवरा बारावी पास, घरात चांदीच्या पैंजणांचा कारखाना. कारखाना म्हणजे पुढच्या खोलीत चार माणसं आणि एक भट्टी. पहिली काही वर्षं तो मला फार आवडायचा. नीट आठवून पाहिलं तर तो बारावी होता म्हणून आवडायचा.

नव्वदच्या दशकात कधीतरी तो एस.टी.नं कोल्हापूरला येऊन कॉम्प्युटरचा क्लास करू लागला. मग त्याच क्लासात शिकवू लागला. गावच्या दूध संस्थेची बिलं त्यानं मशीनवर काढून दिली, आणि त्या वर्षीच्या जत्रेत सासरे म्हणाले, “थोरलं जावई ग्राज्वेट हायत, पण धाकटं कॉम्प्युटरवालं हायत.” त्या ‘पण’नं माझं जेवण कडू झालं. जेवणानंतर एक म्हातारा कागद घेऊन आला, माझ्या अंगावरून पुढं गेला आणि साडूसमोर बसला. मी चष्मा काढला होता. तो तसाच परत खिशात ठेवला.

पुढं आमच्या कॉलेजातही कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीला पडदे लागले आणि दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये लोक चपला घालून जायचे, कॉम्प्युटरकडे अनवाणी. मी त्या खोलीत जाणं टाळायचो. माझं अक्षर चांगलं होतं, दाखल्यांचं रजिस्टर माझ्या हातचं असायचं, आणि ते मशीन मला त्या रजिस्टरचा वैरी वाटायचं.

ऐन प्रवेशाच्या दिवसांत ते बंद पडलं. व्हरांड्यात पोरांची गर्दी, गुणवत्ता यादी निघेना. शिपाई प्राचार्यांसमोरच मला म्हणाला, “सायेब, तुमचं साडू हायत की कॉम्प्युटरवालं. बोलवा की.”

बोलवावंच लागलं. तो आला, दारात चपला काढल्या, आत बसला. बोटं चांदी घासून काळपट झालेली. थोड्या वेळात प्रिंटर खडखडायला लागला आणि व्हरांड्यातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या कॉलेजात माझ्या कुठल्याच कामाला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या.

प्राचार्यांनी त्याला समोर बसवलं. “शिक्षण किती?”

“बारावी, सर.”

“पदवी घ्या. लॅब असिस्टंटची जागा निघणार आहे. कॉम्प्युटरमधली मान्यताप्राप्त पदवी पाहिजे, एवढंच. काम तर तुम्हाला येतंच आहे.”

बाहेर आल्यावर तो लहान पोरासारखा खूश झाला. “दाजी, तुमच्याच कॉलेजात! रोज संगट डबा खाऊ की!”

मला तो डबा दिसला. माझ्या टेबलावर, माझ्याच माणसांच्या घोळक्यात, सगळे त्याच्याकडं वळून बसलेले. मी म्हणालो, “बघू या.”

तेव्हापासून तो पदवी शोधू लागला. रोज कॉलेजात बसणं शक्य नव्हतं. घर, कारखाना, दोन पोरं. मोठ्या कॉलेजांची फी ऐकूनच तो परत यायचा. शेवटी स्टँडजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्याला एक संस्था सापडली. घरबसल्या ऑनलाइन आय.टी.ची पदवी. विद्यापीठ कुठल्यातरी परदेशातलं. अभ्यासाच्या सीडी मिळणार, परीक्षा संस्थेतच कॉम्प्युटरवर, फी हप्त्यानं. एका रविवारी तो त्यांचं माहितीपत्रक घेऊन माझ्या घरी आला. गुळगुळीत कागद, वर काळे झगे घातलेली गोरी पोरं.

“दाजी,” तो म्हणाला, “आमच्या हुपरीत टंच काढल्याबिगर चांदीला कोण हात लावत न्हाय. खरी किती, मिसळ किती, आधी बघायचं, मग भाव बोलायचा. ह्या डिग्रीचा टंच तुमी काढा. माझं डोकं मशीनपुरतं चालतं. असल्या कागदातलं तुमास्नी कळतं.”

किती तरी दिवसांनी कोणीतरी माझ्यापुढं कागद धरला होता. मी चष्मा पुसला, लावला.

तळाशी छापलं होतं, ‘नोंदणीकृत संस्था’. नोंदणी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. गल्लीतल्या भजनी मंडळाचीही नोंदणी होते, तालमीचीही होते. नोंदणीनं संस्था उभी राहते, पदवीला किंमत येत नाही. त्यासाठी त्या विद्यापीठालाच आपल्याकडची मान्यता लागते. दरवर्षी असले कागद घेऊन येणाऱ्या पोरांना मीच परत पाठवत होतो. आणि मुक्त विद्यापीठाचं परिपत्रक माझ्या टेबलाच्या खणात पडलं होतं. नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरची पदवी, रविवारी वर्ग, केंद्र कोल्हापुरातच. फी या संस्थेच्या निम्मीसुद्धा नाही. हे सगळं सांगायला चहाचा एक कपसुद्धा लागला नसता.

“चालती न्हवं, दाजी?”

“नोंदणी हाय की,” मी म्हणालो.

“म्हंजे टंच बरोबर?”

“नोंदणीकृत हाय म्हणून छापलंयच की.”

तो उठला आणि माझ्या पाया पडला. मी एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. पुढं बरीच वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत राहिलो.

हप्ते भरायला मेहुणीनं शेजारच्या कारखान्यांचं काम घरी आणलं, पैंजणांना घुंगरं जोडायचं. आम्ही हुपरीला गेलो की ती मांडीत पैंजणांचा ढीग घेऊनच बोलायची. बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या. चहा पुढं करून म्हणायची, “दाजी, तुमी सांगितलासा म्हणून मार्ग घावला बगा.” मी बशीत चहा ओतायचो आणि बशीतच बघत राहायचो.

खरी लाज पुढंच आहे. ती पदवी कवडीमोल आहे हे ठाऊक असूनही मला तिचा हेवा वाटायचा. तो एखाद्या परीक्षेत पास झाला की मला फोन करायचा. “दाजी, ऐंशी पडले!” खोट्या डिग्रीतले ऐंशी, तरी मी घाईनं फोन ठेवून द्यायचो. बी.कॉम.ला मला कधी ऐंशी पडले नव्हते.

दोन वर्षांनी लॅब असिस्टंटची जाहिरात आली. मुलाखतीच्या दिवशी तो नवा शर्ट घालून आला. आत फायली पुढं करायचं काम माझ्याकडं होतं. विद्यापीठाकडून आलेल्या सदस्यांनी त्याचं प्रमाणपत्र हातात घेतलं, मागं-पुढं पाहिलं आणि म्हणाले, “याला आपल्याकडं मान्यता नाही. उमेदवार अपात्र.” पुढची फाईल मीच सरकवली.

तो व्हरांड्यात थांबला होता. बातमी मीच दिली.

“पण नोंदणी हुती की, दाजी.”

“मलाही तसंच वाटलं,” मी म्हणालो. “नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी, हे मला काय माहीत?”

हे मात्र धडधडीत खोटं होतं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “असू द्या. तुमच्या टायमाला असलं काय नव्हतंच. तुमी वाईट वाटून घिऊ नगा.” नोकरी त्याची गेली होती, आणि समजूत तो माझी काढत होता. मला त्याचाही हेवा वाटला. त्याच्या जागी मी असतो तर असा हात माझ्याकडून ठेवला गेला नसता.

पुढच्याच आठवड्यात तो मला नेट कॅफेत घेऊन गेला. “आता दोघं मिळून शिकू,” म्हणाला. मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी पडद्यावर हळूहळू उतरत होती आणि तो एकेका ओळीवर बोट ठेवत होता. मुक्त विद्यापीठाचं नाव आलं, केंद्राचा पत्ता आला, फी आली. तो खुर्चीतून अर्धा उठला. “दाजी, हितंच! कोल्हापुरातच हाय की वो! आणि फी बगा. आपल्याला कुणी सांगितलं कसं न्हाय?”

“कुणाला माहीत असणार?” मी म्हणालो.

पुढची तीन वर्षं त्यानं रविवार वर्गात घालवले. मेहुणीची घुंगरं चालूच राहिली. खरी पदवी हातात आली तोवर आमच्या कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली होती, आणि ती पुन्हा निघाली नाही. त्याला एका सहकारी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम मिळालं. माझ्या टेबलावर त्याचा डबा कधी उघडला नाही. मला हवं होतं ते मिळालं.

मी निवृत्त झाल्यानंतरच्या एका जत्रेची गोष्ट. मेव्हण्याच्या मुलीला ऑनलाइन आय.टी.ची पदवी घ्यायची होती. पंगतीत सगळे साडूभोवती बसले होते.

“आधी टंच काढायचा,” साडू तिला समजावत होता. “नोंदणी येगळी, मान्यता येगळी. घरबसल्या हाय म्हणून उडी मारायची न्हाय. अगं, आमच्या दाजींसारखा साधा माणूस बी फसला.”

‘साधा माणूस’ हे शब्द मला झोंबले. आयुष्य कागदांत काढलेला मी, माझ्याच समोर अडाणी ठरत होतो.

“मला तेव्हाही माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय म्हाईत हुतं?” सासऱ्यांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं.

“नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. मला तेव्हाच माहीत होतं.”

मग मेव्हणा मांडीवर थाप मारून म्हणाला, “बगा, बगा! आता समद्यास्नी कळल्यावर दाजी हुशार झालं!” आणि पंगतभर हसू फुटलं. सगळ्यात मोठ्यांदा साडू हसला. “ऱ्हाऊ द्या की, दाजी. मी काय मनात ठेवलंय व्हय?”

माझा कबुलीजबाब त्यांनी बढाई म्हणून घेतला. त्यांचं अगदीच चुकलं नाही. मी पश्चात्तापानं बोललोच नव्हतो. अडाणी म्हटलं म्हणून बोललो होतो.

मेहुणी वाढत होती. ती हसली नाही. तिचा पळा रश्श्यात तसाच राहिला.

आम्ही निघालो तेव्हा ती बायकोच्या पिशवीत भाकऱ्या बांधून द्यायला दारापर्यंत आली. बायको पुढं गेल्यावर हळूच म्हणाली, “दाजी, खरंच म्हाईत हुतं?”

तिच्या हातात फडक्याची गाठ होती. त्या बोटांकडं बघून मी म्हणालो, “न्हाय गं. बोललो आपलं.”

“मला वाटलंच,” ती म्हणाली आणि गाठ आवळली.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथं लिहून ठेवतो. होय, माहीत होतं. तू घुंगरं जोडत होतीस तेव्हा, चहा देत होतीस तेव्हा, सगळा वेळ माहीत होतं.

हे कागद आधी हुपरीला, तिच्याकडं जातील. साडू वाचेल, हसेल आणि सोडून देईल, याची मला खात्री आहे, आणि त्याला हे इतकं सोपं जातं म्हणून आजही माझा जळफळाट होतो. तिनं मात्र सोडू नये.